शाळेच्या दुरुस्तीचे कागद मागायचे आहेत? माहिती अधिकाराचा अर्ज असा करा

कोकणात पावसाळा तोंडावर आला की वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेच्या छपराचा विषय निघतो. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात अनेक शाळांची कौलं-पत्रे उडाले, तेव्हापासून तर हमखास. दुरुस्तीला किती निधी आला, काम कोणी केलं, बिल कधी निघालं, हे पालकांना विचारता येत नाही असं अजूनही पुष्कळांना वाटतं. विचारता येतं, आणि माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 नुसार उत्तर द्यावंच लागतं.

अर्ज कोणताही भारतीय नागरिक करू शकतो. मूल त्या शाळेत असण्याची किंवा अर्जदार गावात राहत असण्याची अट नाही. त्यामुळे गणपतीला गावी येणारा मुंबईचा चाकरमानीही आपल्या शाळेबद्दल अर्ज करू शकतो. माहिती कशासाठी हवी, हे सांगावं लागत नाही (कलम 6(2)). मंडळाच्या लेटरहेडवर मात्र अर्ज करू नका. स्वतःच्या नावाने करा.

कागदपत्रं फार नाहीत. जोडपत्र 'अ' च्या नमुन्यात अर्ज, त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पूर्ण पत्ता आणि सही. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी माफ आहे, पण त्याचा दाखला जोडावा लागतो. अर्ज हातोहात दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. उत्तराची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते.

प्राथमिक शाळेसाठी बहुतेक वेळा पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे (अशा अर्जांना उत्तर देण्यासाठी नेमलेला अधिकारी) अर्ज द्यावा. आयटीआय किंवा तंत्रनिकेतन असेल तर त्या संस्थेतच. कार्यालय चुकलं तरी अर्ज परत करता येत नाही. 5 दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करावा लागतो. राज्याच्या आरटीआय (माहिती अधिकार) ऑनलाइन पोर्टलवर तुमचं कार्यालय यादीत असेल तर घरबसल्याही अर्ज होतो.

खरी मेख प्रश्न लिहिण्यात आहे. 'छप्पर का गळतं?', 'जबाबदार कोण?' असं विचारलं की 'माहिती अभिलेखात उपलब्ध नाही' एवढंच उत्तर येतं, आणि ते कायद्यात बसतं, कारण दप्तरी असलेलीच माहिती द्यायची असते. म्हणून कागदाचं नाव घेऊन मागा: "अमुक शाळेच्या सन 2023-24 मधील दुरुस्तीचा मंजुरी आदेश, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी आणि देयक यांच्या साक्षांकित प्रती." राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द. छपरासोबत पोषण आहाराचा हिशेबही हवा असेल तर वेगळा अर्ज करा. प्रतींना पानामागे 2 रुपये पडतात. फाईल जाडजूड असेल तर आधी अवलोकन, म्हणजे कार्यालयात बसून फाईल पाहायला, मागा (पहिला तास मोफत) आणि हवी तेवढीच पानं घ्या. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभांचं इतिवृत्त मागायला विसरू नका. दुरुस्तीची चर्चा झाली होती की नाही, ते त्यातच कळतं.

विद्यार्थ्यांसाठीही एक गोष्ट. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात मान्य केला आहे. अशा अर्जाला मात्र ओळखपत्राची प्रत जोडा.

नवोदय विद्यालय केंद्राचं आहे. तिथे कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा.

उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत आहे. ती उलटल्यावर माहिती दिली तर ती मोफत द्यावी लागते. उत्तर आलंच नाही किंवा अर्धवट आलं, तर 30 दिवसांच्या आत त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे, म्हणजे प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे, जोडपत्र 'ब' मध्ये अपील करा. स्टॅम्प 20 रुपयांचा. तिथेही न्याय मिळाला नाही तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे, नवी मुंबईला दुसरं अपील. त्याला जोडपत्र 'क', पुन्हा 20 रुपयांचा स्टॅम्प, आणि मूळ अर्ज, उत्तर, पहिलं अपील व त्यावरचा आदेश यांच्या प्रती लागतात. विनाकारण माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड करू शकतो. दंडाची मागणी अपिलातच स्पष्ट लिहा.