कूलिंगचं काम घरी केलं आणि इंजिनचा आवाज बदलला?
(आमच्या गॅरेजच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

होस पाइप बदलला, थर्मोस्टॅट (इंजिनचं पाणी ठरावीक गरम झालं की उघडणारी झडप) नवा बसवला, रेडिएटर काढून धुतला किंवा वॉटर पंपच घातला. क्लिपा आवळल्या, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) भरलं, चावी फिरवली आणि काल नसलेला आवाज आज येऊ लागला. अशा गाड्या आमच्याकडे नेहमी येतात आणि मालक बरेचदा अपराधी चेहऱ्याने उभे असतात. त्याची काही गरज नाही. आपल्या गाडीला स्वतः हात लावणाऱ्या माणसाबद्दल आम्हाला आदरच वाटतो. दुरुस्तीनंतर लगेच सुरू झालेला आवाज बहुतेक वेळा तुम्ही जिथे हात घातला तिथलाच असतो, त्यामुळे तो शोधणंही तुलनेने सोपं असतं. मात्र काही आवाज निवांत ऐकत बसता येतात, तर काहींना अर्ध्या मिनिटाचीही सवलत देऊ नये. हा फरक कळावा म्हणून हे पत्रक.

कधी ताबडतोब बंद करायचं

लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज, लाल रेषेकडे सरकणारा टेंपरेचरचा काटा, ऑइलचा लाल दिवा किंवा बॉनेटमधून वाफ, यांपैकी एकही दिसलं की इंजिन बंद करा. "घरापर्यंत नेऊ आणि मग बघू" या विचारातच हेड (सिलिंडरांवरचं धातूचं झाकण) वाकतं. ॲल्युमिनियमचं हेड जास्तीच्या उष्णतेने वेडंवाकडं व्हायला फार वेळ लागत नाही.

इंजिन गरम असताना रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण उघडू नका. झाकणाची स्प्रिंग साधारण १ बार, म्हणजे १५ पीएसआयच्या आसपासचा दाब धरून ठेवते. टायरमधल्या हवेच्या जवळपास निम्मा. त्या दाबाखाली आतलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. वरचा जाड होस हाताला थंड आणि मऊ लागेपर्यंत थांबा.

काट्याबद्दल एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. टेंपरेचरचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं तापमान सांगतो. आत हवा अडकली आणि सेन्सर त्या हवेत उघडा पडला, तर इंजिन भाजून निघत असतानाही काटा खाली राहू शकतो. म्हणून दुरुस्तीनंतरचे पहिले काही दिवस काट्याबरोबर हीटरवरही लक्ष ठेवा. इंजिन गरम झालंय, हीटर पूर्ण गरमवर आहे आणि तरी थंड हवा येते, म्हणजे कूलंट हीटरपर्यंत पोचत नाहीये. काटा काहीही म्हणो, गाडी थांबवा.

डॅशबोर्डच्या मागची घळघळ

सगळ्यांत जास्त तक्रार हीच असते. गाडी सुरू करताना किंवा रेस देताना पायांच्या वर कुठेतरी माठातून पाणी ओतल्यासारखी घळघळ येते. हीटरचा छोटा रेडिएटर तिथेच, डॅशबोर्डच्या आत असतो. कूलंटबरोबर हवेचे बुडबुडे त्याच्या बारीक नळ्यांतून फिरतात, तेव्हा तो आवाज होतो. बिघाड झालेला नाही, काम अर्धवट राहिलं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

टाकी तोंडापर्यंत भरली म्हणजे इंजिन भरलं असं नसतं. ब्लॉक, हेड, हीटर आणि होसच्या वळणांत हवा दडून बसते, आणि बंद थर्मोस्टॅट तिची वाट अडवतो. एकदा एक गाडी "इंजिन गेलं" म्हणून आमच्याकडे टोचन करून आली. आम्ही मालकांना एकच प्रश्न विचारला: किती कूलंट निघालं आणि किती गेलं? निघालं होतं ६ लिटर, गेलं होतं ४. उरलेल्या २ लिटरच्या जागी हवा होती. इंजिन अगदी ठणठणीत होतं. तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला सांगतो, जुनं कूलंट मोजमापाच्या भांड्यात काढा आणि आकडा लिहून ठेवा. जितकं निघालं तितकं आत गेलं नसेल, तर हवा आहे, मग आवाज येवो न येवो.

हवा काढायची ती इंजिन पूर्ण थंड असताना सुरुवात करून. गाडीचं नाक थोडं उंच राहील अशी उभी करा, म्हणजे भरायचं तोंड सगळ्यांत वर येतं आणि हवा तिकडे चढते. हीटर पूर्ण गरमवर, पंखा हळू. कूलंट सावकाश ओता, घाईने ओतलेलं स्वतःच हवा घेऊन जातं. काही गाड्यांत थर्मोस्टॅटच्या घराजवळ किंवा वरच्या होसवर हवा काढायचा छोटा स्क्रू असतो. तो सैल करून बुडबुड्यांशिवाय सलग धार येईपर्यंत थांबा, मग आवळा. आता इंजिन सुरू करा, पातळी खाली जाईल तसं भरत राहा आणि होस कोमट असेपर्यंतच हातमोजा घालून वरचा होस अधूनमधून दाबा. कूलंट वर चढू लागलं की झाकण लावा. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९५ अंशांच्या दरम्यान उघडतो. तो उघडला की इतका वेळ गार असलेला रेडिएटरचा होस एकदम गरम लागतो. पंखा स्वतःहून दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत चालवा, मग रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी पातळी उतरलेली असणार, ती भरून काढा. पुढचे तीन-चार दिवस रोज थंड इंजिनवर पातळी बघा.

ही सर्वसाधारण पद्धत झाली. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळी दिली असेल तर तीच पाळा. विजेवर चालणारा कूलंट पंप असलेल्या गाड्यांत हवा काढण्यासाठी पंप ठरावीक क्रमाने चालवावा लागतो, काहींना स्कॅनर जोडावा लागतो. तिथे नुसता होस दाबून भागत नाही.

सगळं करूनही घळघळ परत आली, तर थर्मोस्टॅट कसा बसवलाय ते आठवा. स्प्रिंगची बाजू इंजिनकडे हवी. बऱ्याच थर्मोस्टॅटच्या कडेला एक बारीक भोक आणि त्यात हलणारी छोटी पिन असते. ती हवा जाण्यासाठीच दिलेली आहे, म्हणून ती वरच्या अंगाला यायला हवी. खाली आली तर हवा तिथेच अडकते. थर्मोस्टॅट काढून फेकून देणं हा उपाय नाही. मग इंजिन धड गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि मूळ दोष तसाच राहतो.

हेडमधून ठकठक

किटली उकळायच्या आधी तळातून कटकट आवाज करते, तसाच आवाज इंजिनच्या वरच्या भागातून येत असेल तर हेडमध्ये कुठेतरी कूलंट जागेवरच उकळतंय. वाफेचे फुगे तयार होतात आणि थंड कूलंटला लागून फुटतात, त्याची ती ठकठक. कारण बहुधा अडकलेली हवा, उलटा थर्मोस्टॅट किंवा फिरूनही पाणी न ढकलणारा पंप. वरचा होस चटका देतोय आणि रेडिएटर मात्र थंड, अशी स्थिती असेल तर कूलंट रेडिएटरपर्यंत जातच नाहीये. चढावर किंवा जोर देताना येणारी खळखळ वेगळी. ती तापलेल्या सिलिंडरात इंधन वेळेआधी पेटल्याची असते. दोन्हींमध्ये गाडी पुढे चालवायची नाही.

बेल्टचा आवाज

रेस दिल्याबरोबर लांब चीं-चीं आली तर बेल्ट सैल आहे किंवा त्यावर कूलंट सांडलंय. फिरण्याच्या लयीत चिमणीसारखं चिव-चिव येत असेल तर पुल्या एका रेषेत नाहीत. पंपाची पुली काढून बसवली असेल तर हेच आधी बघा. इंजिन सुरू असताना, हात आणि सैल कपडे लांब ठेवून, बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडंसं साधं पाणी शिंपडा. आवाज काही क्षण थांबून परत आला तर रेष चुकलीय, उलट वाढला तर ताण कमी आहे. कूलंटने भिजून बुळबुळीत झालेला बेल्ट बदललेला बरा. त्यावर साबण, पावडर किंवा ग्रीस लावू नका, दोन दिवसांनी तोच आवाज दुप्पट होऊन येतो.

पंपाची घरघर आणि टायमिंग बेल्ट

बेअरिंग खराब असेल तर घरघर येते आणि ती रेसबरोबर चढत जाते. लांब पेचकसाचं टोक पंपाच्या बॉडीला टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावली की ती स्पष्ट ऐकू येते. मात्र बेल्टपासून सावध राहा. पंपाच्या खालच्या बाजूला एक लहान भोक असतं. तिथून कूलंट ठिबकत असेल तर आतलं सील गेलंय, मग पंप नवा असला तरी परत काढावाच लागेल.

कित्येक इंजिनांत पंप टायमिंग बेल्टवर (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणाऱ्या बेल्टवर) फिरतो. तुम्ही तो बेल्ट काढला होता आणि आता इंजिन खडखडतंय, थरथरतंय, ओढत नाहीये, तर पुन्हा एकदाही स्टार्टर मारू नका. बेल्ट एक-दोन दात सरकून बसलेला असू शकतो. बऱ्याच इंजिनांत तेवढ्याने व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. अशा वेळी गाडी टोचन करून आणा. टायमिंग बेल्ट गरजेपेक्षा ताणला असेल तर बारीक सुरात रडल्यासारखा आवाज येतो. तोही दुर्लक्ष करण्यासारखा नाही, त्याचा भार थेट पंपाच्या बेअरिंगवर पडतो.

पंखा, कव्हर, क्लिपा

इथे फार वेळ घालवायला नको. पंखा फिरताना टर्र-टर्र येते म्हणजे पात्याला वायर, होस किंवा भोवतीचं प्लॅस्टिकचं कडं लागतंय. वेग वाढल्यावर खालून फडफड आली तर इंजिनखालच्या कव्हरची एखादी क्लिप राहिलीय. पंख्याच्या वायरी उलट जोडल्या गेल्या तर पंखा उलटा फिरतो. आवाज मोठा, पण गाडी ट्रॅफिकमध्ये तापते. कागदाचा तुकडा रेडिएटरच्या पुढच्या बाजूला धरा, पंखा चालू असताना तो जाळीला चिकटला पाहिजे. पंखा रेडिएटरच्या मागे, इंजिनच्या बाजूला असण्याऐवजी रेडिएटरच्या पुढे बसवलेला असेल तर ही परीक्षा लागू नाही. हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, कारण हा पंखा चावी बंद असतानाही सुरू होऊ शकतो.

बुडबुडे थांबतच नाहीत

हवा नीट काढली, तरी कूलंटच्या टाकीत सतत बुडबुड सुरू आहे, थंड इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच वरचा होस दगडासारखा कडक होतो, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो, तर हेड गॅस्केटची (हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलची) शंका घ्यावी लागते. ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरट थर दिसला म्हणून मात्र घाबरू नका. नुसत्या छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत साध्या ओलाव्यानेही तो जमतो. पक्कं करायला एक सोपी तपासणी आहे: टाकीतली हवा निळ्या द्रावणातून ओढतात, जळालेला वायू असेल तर द्रावण पिवळं होतं. हेड उघडण्याआधी ती जरूर करून घ्या.

आणि स्टार्टर मारल्यावर "ठक" होऊन इंजिन जागीच अडलं, तर परत मारू नका. सिलिंडरात कूलंट उतरलेलं असू शकतं. द्रव दाबला जात नाही, जोर केला की कनेक्टिंग रॉड वाकतो.

जे आवाज साधे आहेत

इंजिन बंद केल्यावरची टिकटिक म्हणजे गरम धातू आकसतोय. बंद केल्यावर काही मिनिटं पंखा फिरणंही अनेक गाड्यांत ठरलेलं असतं. हे तुमच्या दुरुस्तीआधीही होत असेल, लक्ष आता गेलं.

आमच्याकडे येताना

आवाज थंडपणी येतो की गरम झाल्यावर, उभ्या गाडीत की चालत्या, रेसबरोबर वाढतो की नाही, ते लिहून आणा. फोनवर रेकॉर्ड केलंत तर उत्तमच. आमच्या अंगणात आल्यावर आवाज गप्प बसतात, हा नेहमीचा अनुभव आहे. काय काय उघडलंत ते सगळं सांगा, चुकलेलंही. त्याने आमचे तास आणि तुमचे पैसे वाचतात. कोणतं कूलंट घातलं त्याचा डबा आणा. रंग एक असला म्हणून दोन कूलंट एक नसतात, आणि न जुळणारी मिसळली तर आत गाळ धरू शकतो. गळती बंद करणारं औषध ओतलं असेल तर तेही सांगा, त्याने हीटरच्या नळ्या बुजतात.

काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा मातीत ओतू नका. ते चवीला गोड पण विषारी असतं, कुत्री-मांजरी ते चाटतात आणि दगावतात. बंद डब्यात, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि येताना घेऊन या. जुना थर्मोस्टॅट, जुनं गॅस्केट, उरलेला एखादा बोल्ट फेकला नसेल तर तोही पिशवीत घाला.