फोदरिंगे किल्ला जेम्सने सूडापोटी पाडला नाही

स्कॉटलंडच्या राणी मेरीचा 8 फेब्रुवारी 1587 रोजी इंग्लंडमधल्या फोदरिंगे किल्ल्यात शिरच्छेद झाला. पुढे तिचा मुलगा जेम्स इंग्लंडचा राजा झाला आणि त्याने आईच्या सूडापोटी हा किल्ला जमीनदोस्त केला, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. गोष्ट मनाला भिडते, पण ती खरी नाही.

जेम्स 1603 मध्ये गादीवर आला, 1625 मध्ये वारला. त्याच 1625 मधल्या पाहणीत दगडी बांधकामाचा, दुहेरी खंदकाचा हा किल्ला उभाच होता. मेरीला जिथे मारलं ते मोठं दालनही. पाडापाडी झाली ती त्यानंतर. आईसाठी जेम्सने केलं ते वेगळंच: 1612 मध्ये तिचा देह, आधी पुरला होता त्या पीटरबरो शहरातून, लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये आणवला.

मग किल्ला गेला कसा? दुरुस्तीवाचून तो मोडकळीला आला होता, आणि तयार घडीव दगडाला गिऱ्हाईक होतंच. आज नेन नदीकाठी मातीची टेकडी आणि दगडी बांधकामाचा एकच ढेकूळ उरला आहे.

किल्ल्याजवळच्या फोदरिंगे गावाची पडझड तर आधीच सुरू झाली होती. तिथल्या चर्चचा पूर्वेकडचा भाग सोळाव्या शतकातच पाडला गेला, यॉर्क या इंग्लंडच्या राजघराण्याच्या कबरी उघड्या पडल्या. त्या नव्याने बांधवल्या त्या एलिझाबेथने, मेरीच्या मृत्युदंडाच्या आदेशावर सही करणाऱ्या इंग्लंडच्या राणीने.