मालदीवचं धर्मांतर : तांबं, प्रवाळ आणि कवड्या काय सांगतात

मालदीवच्या राजाने इ.स. 1153 मध्ये, म्हणजे हिजरी 548 साली, बौद्ध धर्म सोडून इस्लाम स्वीकारला, असं परंपरा सांगते. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता 1343-44 मध्ये तिथे काझी होता. त्याने ऐकलेली कथा अशी : दर महिन्याला समुद्रातला राक्षस एका मुलीचा बळी घेई, एका परदेशी विद्वानाने रात्रभर कुराण म्हणून त्याला पळवलं आणि राजासकट सारी प्रजा मुसलमान झाली. सनाबद्दल फारसा वाद नाही. सारी प्रजा एकदम बदलली, हे मात्र पुराव्यात बसत नाही.

अरब खलाशी या बेटांना नवव्या शतकापासून ओळखत होते. त्यांना ओढून आणणारी वस्तू होती कवडी. नारळाच्या झावळ्या उथळ पाण्यात टाकल्या की कवड्यांचे प्राणी त्यांना चिकटत. मग ते खड्ड्यात पुरून मांस कुजू द्यायचं. उरे पांढरं कवच. बारा हजारांना ‘कोट्टा’, लाखाला ‘बुस्तू’ म्हणत. चार बुस्तूंना एक सोन्याचा दिनार, आणि भाव पडला की त्याच दिनाराला दहा-बारा बुस्तू. बंगालहून भात यायचा, इथून कवड्या जायच्या. जहाजं मोसमी वाऱ्यांवर चालत, त्यामुळे वारा फिरेपर्यंत व्यापाऱ्यांना बेटांवर मुक्काम करणं भाग होतं. राजाच्या निर्णयामागे तीन शतकांची ही ये-जा आहे, आणि ती मला राक्षसाच्या कथेहून कितीतरी महत्त्वाची वाटते.

काशिधू बेटावरच्या बौद्ध मठाच्या उत्खननात पुरातत्त्वज्ञ एगिल मिक्केल्सन यांना सुमारे 62,000 कवड्यांचा साठा सापडला. अशा जागेचं वय काढताना एक फसगत होऊ शकते. समुद्राच्या खोल पाण्यात जुना कार्बन साठलेला असतो आणि शंख-शिंपल्यांच्या कवचात तो मुरतो. म्हणून कार्बन-14 चाचणीत कवच खऱ्या वयापेक्षा साधारण 400 वर्षं जुनं दिसतं. ही दुरुस्ती विसरली तर अख्खा कालक्रमच सरकतो. जमिनीवरच्या झाडाच्या कोळशात ही अडचण येत नाही.

सर्वात बोलका पुरावा आहे ताम्रपटांचा, तिथल्या भाषेत लोमाफानु. इसधू बेटाचा ताम्रपट 1194 च्या सुमाराचा, म्हणजे राजाच्या धर्मांतरानंतर चाळीस वर्षांचा. हे बेट राजधानी मालेच्या दक्षिणेला दोनशे किलोमीटरहून दूर, हद्दुनमती कंकणद्वीपात (प्रवाळबेटांच्या कड्यात) आहे. तिथल्या भिक्षूंना मालेला नेऊन त्यांचा शिरच्छेद केला, स्तूप मोडले आणि मशीद उभारली, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. म्हणजे राजधानी मुसलमान झाल्यावरही दक्षिणेत मठ चालू होते आणि ते बंद करायला सत्तेला बळ वापरावं लागलं. व्यापारातून शांतपणे प्रसार झाला, हे अर्धंच चित्र आहे. पुढे इब्न बतूताही तक्रार करतो की बायका कमरेच्या वर वस्त्र घेत नाहीत, आणि काझी असूनही त्याला ते बदलता आलं नाही.

मालेची हुकुरु मिस्कीय ही जुम्मा मशीद 1658 ची. खाडीतला प्रवाळ ओला असताना मऊ असतो, हत्याराने सहज कापला जातो. हवेत वाळला की टणक होतो. त्याच्या चिऱ्यांना खाचा पाडून ते चुन्याशिवाय एकमेकांत बसवले आहेत. इमारतीचं तोंड मात्र थेट पश्चिमेला. मालेहून मक्का पश्चिमेपासून सुमारे 30 अंश उत्तरेकडे येते, त्यामुळे नमाजाच्या रांगा कोपऱ्याकडे तोंड करून तिरप्या उभ्या राहतात. जुन्या देवळाच्या जोत्यावर मशीद बांधल्याचं हे लक्षण मानलं जातं.

आणि तो परदेशी विद्वान कोण? इब्न बतूता त्याला मगरिबचा (वायव्य आफ्रिकेचा) अबुल बरकात बर्बरी म्हणतो. मालदीवचा इतिहासग्रंथ त्याला इराणमधल्या तबरीझचा युसूफ शम्सुद्दीन म्हणतो. नुक्ते (अक्षरांचे ठिपके) न दिलेल्या अरबी कोरीव लेखात ‘बर्बरी’ आणि ‘तबरीझी’ यांत फक्त एका दात्याचा, म्हणजे अक्षराच्या एका छोट्या उभ्या टोकाचा, फरक उरतो. सोमालियातल्या बर्बरा बंदराचाही दावा आहे, आणि तांबड्या समुद्राकडून येणाऱ्या जहाजांचा मार्ग पाहता तो सहज बाजूला सारता येत नाही.