पीएच.डी. प्रवेश आणि अधिछात्रवृत्ती : विदर्भातील ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी अर्जाची माहिती

संशोधनासाठी अर्ज करू इच्छिणारे विद्यार्थी सर्वप्रथम ‘पेट (विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेश परीक्षा) कधी आहे’ असे विचारतात. त्याआधी आपली नोंदणी कोणत्या विषयात होणार हे ठरवले पाहिजे, कारण परीक्षा, मार्गदर्शक आणि अधिछात्रवृत्ती (संशोधनासाठी दरमहा मिळणारी आर्थिक मदत) या तिन्ही गोष्टी त्यावरच अवलंबून असतात. महसूल मंडळनिहाय पावसाच्या नोंदींवरून कापसाच्या पेरणीचा काळ सांगणारी संगणकीय पद्धत तयार करायची असेल, तर तो विषय संगणकशास्त्राचा, गणिताचा की वातावरणशास्त्राचा, असा प्रश्न साहजिकच उभा राहतो. माझ्या मते ज्या विषयात पदव्युत्तर पदवी घेतली त्याच विषयात नोंदणी करावी आणि दुसऱ्या विषयासाठी सहमार्गदर्शक मागावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांनी आंतरविद्याशाखीय संशोधनासाठी दुसऱ्या विभागातील किंवा दुसऱ्या संस्थेतील सहमार्गदर्शकाची मुभा दिलेली आहे.

संगणकशास्त्र, व्यवस्थापन आणि वाणिज्य हे विषय यूजीसी-नेटमध्ये (विद्यापीठ अनुदान आयोगाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) आहेत. गणित, तसेच पृथ्वी, वातावरण, महासागर व ग्रहविज्ञान आणि जीवशास्त्र हे विषय सीएसआयआर-यूजीसी नेटमध्ये (मूलभूत विज्ञान विषयांसाठीची वेगळी नेट परीक्षा) येतात. पहिल्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, दुसऱ्या परीक्षेत कापले जातात, त्यामुळे दोन्हींची तयारी एकाच सवयीने करता येत नाही. संगणकशास्त्र व गणिताच्या विद्यार्थ्यांना गेट (अभियांत्रिकी व विज्ञानातील पदव्युत्तर प्रवेशासाठीची राष्ट्रीय परीक्षा) हाही मार्ग खुला असून त्याचा स्कोअर तीन वर्षे चालतो. वैद्यकीय व आरोग्यविज्ञान महाविद्यालयांतील संशोधनाची नोंदणी मात्र नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे होते, म्हणून सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात काम करू इच्छिणाऱ्याने नागपूर विद्यापीठाच्या जाहिरातीची वाट पाहत बसू नये.

पात्रतेसाठी दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, किंवा चार वर्षांच्या पदवीनंतरची एक वर्षाची पदव्युत्तर पदवी, किमान ५५ टक्के गुणांसह असावी लागते. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, नॉन क्रिमिलेअर (उन्नत गटात न मोडणारे) इतर मागासवर्ग, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सूट आहे. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी उत्तीर्ण झालेल्यांना थेट अर्ज करता येतो. २०२४-२५ पासून यूजीसी-नेटचा निकाल तीन गटांत लागतो. पहिल्या गटातील उमेदवार कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीला, म्हणजे जेआरएफला पात्र असतो. दुसऱ्या गटातील उमेदवार सहायक प्राध्यापकपदासाठी व पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र असतो, तर तिसऱ्या गटातील उमेदवार केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी. दुसऱ्या व तिसऱ्या गटाचे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात आणि निवडीत परीक्षेला ७० टक्के, मुलाखतीला ३० टक्के भारांक असतो. विद्यापीठ स्वतःची पेट घेत असल्यास त्यात निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. संशोधन पद्धतीचा भाग आपल्याकडचे विद्यार्थी हलक्यात घेतात आणि तिथेच अडतात, असा माझा अनुभव आहे.

अकोला, अमरावती, बुलडाणा, यवतमाळ व वाशीम हे जिल्हे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात, नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया हे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात आणि चंद्रपूर व गडचिरोली हे गोंडवाना विद्यापीठात मोडतात. अर्ज भरण्यापूर्वी मार्गदर्शकाकडे जागा रिकामी आहे की नाही, हे प्रत्यक्ष भेटून विचारावे. प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थ्यांची मर्यादा आहे, आणि निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्या मार्गदर्शकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही.

आता कागदपत्रांविषयी, कारण खेड्यातल्या विद्यार्थ्याचे वर्ष बहुधा परीक्षेपेक्षा कागदांपायीच वाया जाते. गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, टीसी, स्थलांतर प्रमाणपत्र, अधिवास प्रमाणपत्र आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे महाविद्यालयातून, विद्यापीठातून व सेतू केंद्रातून मिळू शकतात. खरा वेळ जातो तो जात वैधता प्रमाणपत्राला. त्यासाठी ऑनलाइन अर्ज भरून जिल्हा पडताळणी समितीकडे कागद सादर करावे लागतात, तर अनुसूचित जमातींसाठी वेगळ्या समित्या आहेत. अर्जासोबत वंशावळीचे शपथपत्र, वडिलांकडील नात्यातील शाळेच्या नोंदी आणि त्या प्रवर्गाच्या मानीव दिनांकापूर्वीचा (ज्या तारखेआधीचा रहिवास व जात सिद्ध करावी लागते ती तारीख) पुरावा जोडावा लागतो. हा दिनांक अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. आजोबा शाळेत गेलेले असतील तर त्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांच्या सहीने घ्यावा, आणि ते शाळेत गेलेच नसतील तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल पंजीतील (कोतवालाने ठेवलेल्या गावाच्या जुन्या नोंदवहीतील) जन्म-मृत्यूच्या नोंदीची नक्कल मागावी.

नोंदींतील नावे अक्षरागणिक तपासून घ्यावीत. माझ्या घरी आजोबांचे नाव कोतवाल पंजीत ‘सुका’ आणि सातबाऱ्यावर ‘सुकदेव’ असे होते. ही दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत हे शपथपत्राने व गावातील इतर नोंदींनी सिद्ध करण्यात दोन महिने गेले, तोवर त्या वर्षीची अर्जाची मुदत टळली आणि वडिलांनी त्या दिवशी काही न बोलता सगळे कागद पुन्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवले. म्हणूनच मी प्रत्येकाला सांगतो की वैधतेची फाइल एम.एस्सी. किंवा एम.कॉम.च्या पहिल्याच वर्षी टाकावी.

नॉन क्रिमिलेअर प्रमाणपत्राच्या बाबतीत दोन चुका वारंवार होतात. राज्याच्या नमुन्यातील प्रमाणपत्र नेटसाठी उपयोगी पडत नाही. त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील, मुदतीत बसणारे प्रमाणपत्र वेगळे काढावे लागते. दुसरे असे की विवाहित मुलगी पतीचे उत्पन्न दाखवत बसते, पण निकष तिच्या आई-वडिलांच्या स्थितीवर ठरतो. जातीचा दाखलाही माहेरच्या नावाने असतो, त्यामुळे नाव बदललेले असल्यास राजपत्र किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र सोबत ठेवावे.

जेआरएफची परीक्षा आधी देऊन नंतर नोंदणी करता येते. यूजीसी-नेटमधील जेआरएफसाठी वयोमर्यादा ३० वर्षे असून महिला व राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सवलत आहे. पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे भत्ता, असे दर १ जानेवारी २०२३ पासून लागू आहेत. अधिछात्रवृत्ती देणाऱ्या राज्याच्या संस्थांचे गणित याच्या उलट आहे. तिथे आधी पीएच.डी.ची नोंदणी झालेली असावी लागते आणि मग जाहिरातीनुसार अर्ज करता येतो. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती, तर मराठा, कुणबी, मराठा-कुणबी व कुणबी-मराठा यांच्यासाठी पुण्याची सारथी आहे. इतर मागासवर्गात असलो तरी कुणबी म्हणून आपण सारथीच्या लक्षित गटात येतो, हे विदर्भातील कुणबी विद्यार्थ्यांना अनेकदा ठाऊक नसते. एका वेळी एकच अधिछात्रवृत्ती घेता येते.

नोकरी करणाऱ्यांना अर्धवेळ पीएच.डी. करता येते, परंतु कार्यालयप्रमुखांचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएच.डी.ला मान्यता नाही, त्यामुळे तशी जाहिरात करणाऱ्यांकडे पैसे भरू नयेत. किमान कालावधी तीन वर्षांचा आणि कमाल सहा वर्षांचा आहे. पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात, महिलांना व ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्याशिवाय दोन वर्षांची सवलत असते आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते.

प्रवेशानंतर किमान १२ क्रेडिटचा अभ्यासक्रम ५५ टक्क्यांनी पूर्ण करावा लागतो आणि दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. वातावरणशास्त्राच्या विद्यार्थ्याला भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावरून अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या जाळीतील दैनंदिन पावसाची माहिती विनामूल्य घेता येते. आरोग्यविषयक संशोधनात मात्र माणसांकडून रक्ताचा एक नमुना घेण्यापूर्वीही संस्थेच्या नैतिकता समितीची लेखी मंजुरी हवी, आणि औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी तिची नोंद भारतीय क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत झालेली हवी. मेळघाटात किंवा गडचिरोलीतील एटापल्लीत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावर काम करणार असाल, तर संमतीपत्र मराठीबरोबरच कोरकू किंवा माडिया भाषा जाणणाऱ्या माणसाकडून वाचून दाखवले जाईल, हे नैतिकता समितीकडच्या अर्जातच लिहून द्यावे.