येशू आणि जुडासचे चेहरे एकाच माणसाचे?

मिलानच्या सांता मारिया देल्ले ग्रात्सिए मठातल्या भोजनगृहाच्या भिंतीवरच्या ‘शेवटचे भोजन’ या चित्राची ही गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतच असते: लिओनार्दो दा विंचीने देखण्या तरुणाला समोर बसवून येशू रंगवला, बऱ्याच वर्षांनी येशूचा घात करणाऱ्या जुडाससाठी दारुडा शोधला, तर तो तोच निघाला! निव्वळ भाकडकथा. चित्राचं कामच साधारण १४९५ ते १४९८ चाललं. चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने लिहिलेला किस्सा निराळा, आणि जास्त मजेदार: तगादा लावणाऱ्या मठाधिपतीचंच तोंड जुडासला देईन, अशी धमकी लिओनार्दोने दिली होती म्हणे.

आणि हो, हे फ्रेस्को, म्हणजे ओल्या गिलाव्यावरचं चित्रही नव्हे. कोरड्या गिलाव्यावर रंगवल्याने रंग लवकरच झडू लागले. १६५२ मध्ये तर भोजनगृहाचं दार वाढवताना येशूचे पायच कापले गेले. दार पुढे बुजवलं. त्याची कमान आजही दिसते.