कोकण किनाऱ्याचे जुने स्थलदर्शक नकाशे : अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

मालवण, हर्णै किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्याचा जुना स्थलदर्शक नकाशा (भूभागाचे चढउतार, वाटा, वस्त्या दाखवणारा नकाशा) हवा असेल, तर अर्ज लिहिण्याआधी पत्रकाचा, म्हणजे नकाशाच्या त्या सुट्या कागदाचा, क्रमांक निश्चित करावा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या पद्धतीत चार अंश अक्षांश-रेखांशांच्या चौकोनाला अंक, त्यातील एका अंशाच्या चौकोनाला इंग्रजी अक्षर आणि त्याच्या सोळाव्या भागाला पुन्हा अंक दिलेला असतो; त्यानुसार मालवण 47 एच/8 या पत्रकात येते. क्रमांकाशेजारी प्रमाणही लिहावे, कारण मैल-इंचांच्या काळातील पत्रके 1:63,360 प्रमाणाची, तर मेट्रिक काळातील 1:50,000 प्रमाणाची आहेत.

2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार तयार झालेले मुक्त मालिकेतील (सर्वसामान्यांसाठी खुले असलेले) नकाशे विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळतात. जुन्या पत्रकांसाठी मात्र नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जावे लागते. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 1993 नुसार तीस वर्षांहून जुने, अवर्गीकृत (गोपनीय न ठरवलेले) आणि अभिलेखागाराकडे हस्तांतरित झालेले अभिलेख खऱ्या अभ्यासकाला पाहता येतात. ‘अवर्गीकृत’ या अटीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण किनारपट्टीची पत्रके संरक्षणाच्या कारणास्तव दीर्घकाळ प्रतिबंधित वर्गात होती.

भारतीय अभ्यासकाने ओळखपत्र द्यावे आणि अभ्यासाचा विषय स्पष्ट लिहावा. विद्यार्थ्याने संस्थेचे शिफारसपत्र जोडणे हिताचे. परदेशी अभ्यासकाला आपल्या संस्थेचे आणि आपल्या देशाच्या दूतावासाचे पत्र लागते. नकाशा पाहण्याची परवानगी म्हणजे प्रत घेण्याची परवानगी नव्हे, त्यामुळे प्रतीची मागणी स्वतंत्रपणे नोंदवावी.

नकाशा हाती आल्यावर समासातील सर्वेक्षणाचे वर्ष आधी वाचावे. छपाईचे वर्ष बरेच नंतरचे असू शकते, आणि किनारा किती सरकला हे सर्वेक्षणाच्या वर्षापासूनच मोजायला हवे. जुनी पत्रके एव्हरेस्ट संदर्भप्रणालीवर, तर मुक्त मालिका डब्ल्यूजीएस-84 वर आधारित आहे; पृथ्वीवरील स्थान अक्षांश-रेखांशांत मांडण्याच्या या दोन वेगळ्या पद्धती आहेत. रूपांतर न करता एकावर एक ठेवल्यास प्रत्यक्षात न झालेली धूपही दिसू लागते.

जमिनीच्या हद्दीच्या वादात हा नकाशा पुरावा म्हणून अपुरा पडतो. त्यासाठी तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी नकाशाची नक्कल मागवावी. बांधकामाच्या परवानगीसाठीची भरतीरेषा मात्र किनारी नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेल्या किनारपट्टीच्या) मंजूर आराखड्यातूनच घ्यावी लागते.