पिर्सिग यांचं झेन कुठून आलं?

अमेरिकन लेखक रॉबर्ट पिर्सिग २४ एप्रिल २०१७ रोजी अमेरिकेतल्या मेन राज्यात, वयाच्या ८८व्या वर्षी गेले. 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स' या नावामुळे पुस्तक हाती घेणाऱ्यांची गल्लत होणार, हे ओळखून त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलंय, की यात शास्त्रोक्त झेन शोधू नका आणि मोटरसायकलची बिनचूक माहितीही नाही.

झेन हा ध्यानावर भर देणारा बौद्ध पंथ. मूळ शब्द आपलाच. संस्कृत 'ध्यान', पालीत 'झान', चीनमध्ये 'चान', जपानमध्ये 'झेन'. आम्हा ठाणेकरांना येऊरच्या डोंगरापलीकडे कान्हेरीची लेणी आहेत. तिथले भिक्षू दोन हजार वर्षांपूर्वी दगडी ओट्यांवर ध्यानाला बसत.

कोरियात सैनिक म्हणून राहिलेले पिर्सिग पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयात तत्त्वज्ञान शिकायला आले. जग ही माया, असं प्राध्यापक सांगत होते. मग हिरोशिमा-नागासाकीवरचे बाँबही मायाच का, असं विचारल्यावर हसून 'हो' म्हणाले. पुस्तकातला हा विद्यार्थी, म्हणजे तेव्हाचे पिर्सिगच, वर्गातून उठतो आणि भारतच सोडतो. मला वाटतं, सगळं पुस्तक त्या 'हो'ला दिलेलं उत्तर आहे. समोरची वस्तू खरी आहे, तिच्याकडे नीट लक्ष द्या.

मधली वर्षं फार वाईट गेली: मानसिक आजार, इस्पितळ, विजेचे झटके. १९६८मध्ये अकरा वर्षांच्या मुलाला, ख्रिसला, मागे बसवून ते मिनेसोटाहून सॅन फ्रान्सिस्कोला होंडावर गेले. त्या प्रवासाचं पुस्तक १२१ प्रकाशकांनी नाकारलं आणि १९७४मध्ये आलं तेव्हा लाखांनी खपलं. १९७९मध्ये ख्रिसचा खून झाला, तोही सॅन फ्रान्सिस्कोच्या झेन सेंटरबाहेर. तिथेच तो शिकत होता. पुढच्या आवृत्तीत वडिलांनी त्याच्याबद्दल लिहिलंय, ते मला एका बैठकीत कधीच वाचून होत नाही. दुसरं पुस्तक, 'लायला', १९९१चं.

इंजिन खोलताना जमिनीवर वर्तमानपत्र पसरावं आणि सुटे भाग निघतील तसे, ओळीने, आपण पान वाचतो तसे डावीकडून उजवीकडे मांडावेत, असं पिर्सिग सांगतात. नौपाड्यात मी गाडी देतो ते काका इंग्रजी वाचत नाहीत. परवा त्यांनी माझा कार्बोरेटर खोलला. आधी कालचा पेपर अंथरला, त्यावर जेट, फ्लोट, पिन, स्प्रिंग एकामागे एक ठेवत गेले, आणि मी मध्येच काही विचारलं तर मान वर न करता म्हणाले, "थांबा जरा."